आधी वेस की आधी आड

मुक्काम पिंपरवाडी, नजीक सिरसाळा
पौष वद्य पंचमी, शके १८३९

राजमान्य राजश्री सुंदरराव यांस, विठ्ठलराव पाटलाचा रामराम.

इकडे सर्व ठीक. शिरूरला थंडी अजून असेल. सुभद्रावहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. घरात आणखी जी मंडळी असतील त्यांचीही प्रकृती कळवावी.

दिवाळी सरल्यावर इकडे जे तुफान झाले ते तुमच्या कानी आलेच आहे. पूर्वेकडून वारा-पाऊस सुटला तो रात्रंदिवस थांबला नाही. वेचणीला आलेला कापूस उडून बाभळींना लटकला, निम्म्या गावाची छपरे शिवारात जाऊन पडली. वेस कोसळली. आडावरचा लिंब मुळासकट आडात गेला, काठ ढासळला आणि पाण्यात वाहून मेलेली शेरडे चिखलासकट आतच बसली. माणूस एकही दगावले नाही. दगावले असते तर बोलणारी तोंडे थोडी कमी झाली असती.

तहसीलदारसाहेब घोड्यावरून पाहणी करून गेले. म्हणाले, सरकारातून लाकूड, चुना आणि गवंडी मिळतील, पण एकाच कामाला. आधी काय उभारायचे ते रयतेला विचारून कळवा. हैदराबादेत बसून असले हुकूम काढणाऱ्यांनी एकदा आमची रयत जवळून पाहावी.

मी चावडीवर गाव जमवले. गहिनीनाथाला मारुतीचे देऊळ आधी हवे होते, कारण त्याच्या घराची भिंत देवळाच्या आधाराने उभी आहे. राधाकिशन दुकानदाराला बाजाराची वाट हवी होती, कारण त्याचा माल सिरसाळ्यात अडकला होता. आश्रुबा तर जो शेवटी बोलेल त्याचा. तीनदा मत बदलून तो तंबाखू मळत बसला. मी सांगितले, जिल्ह्याचे मुख्य, अव्वल तालुकदारसाहेब दौऱ्यावर येणार आहेत, पडक्या वेशीतून त्यांना आत आणले तर गावाची अब्रू जाईल, तेव्हा वेस आधी. लगेच सगळ्यांना वेसच हवी होती म्हणे. याला रयतेची मर्जी म्हणतात.

तेवढ्यात भिंतीपलीकडून भामाबाई बोलली. ही आमच्या शेजारची विधवा, जिभेला हाड नाही.

"पाटील, वेशीतून पाणी येतं का? नदीचं गढूळ पिऊन लेकरं जुलाबानं पडल्यात. आड का म्हून न्हाई उपसत?"

मी म्हणालो, "चावडीत बायांनी बोलायचं न्हाई."

पुरुष मंडळींनी माझ्या बोलण्याला माना डोलावल्या. घरी प्रत्येकाने बायकोपाशी आडाचीच बाजू घेतली होती, हे मला नंतर कळले. घरात एक बोलायचे, चावडीत दुसरे. असल्या माणसांना विचारायचे तरी काय? मी वेस कळवली.

गवंडी आले, काम लागले. इकडे बाया दोर आणि टोपल्या घेऊन आडावर जमल्या. पुरुष आधी हसले. मग लिंबाचे खोड ओढायला कुणीतरी बैलजोडी दिली, मग वेशीवरचे बिगारी एकेक करून तिकडे सरकले. जास्त माणसे तिकडे दिसल्यावर आश्रुबाही गेला. दुपारी वेशीपाशी मी आणि गवंडी, एवढेच उरलो.

आत उतरायला मात्र कुणी धजेना. घाण होती आणि काठाचे दगड सुटत होते. शेवटी एक बाई कमरेला दोर बांधून उतरली. पाटलाच्या घरातली.

सुंदरराव, तुम्ही तिचे थोरले भाऊ. तिचे ऐकून झालेच असेल, आता माझेही ऐका. मी आडावर गेलो. काठावर सारे गाव उभे. मी वाकून म्हणालो, "वर ये. न्हाईतर घरात पाऊल ठेवायचं न्हाई."

खालून आवाज आला, "बरं. गाळ तरी निघू द्या."

आणि भरलेली टोपली वर आली.

ती रडली असती, भांडली असती, तर मला पुढे काही बोलता आले असते. टोपलीतला चिखल माझ्या धोतरावर सांडला आणि मागे कुणीतरी हसले. दिवस मावळता ती वर आली. अंगभर गाळ, कोपर सोलून निघालेले. माझ्याकडे न बघता भामाबाईच्या घरात गेली, आणि दुसऱ्या दिवशी भामाबाईच्याच गाडीतून तुमच्याकडे निघाली. बाया शिवेपर्यंत पोचवायला गेल्या. लेकीची पाठवणी असावी तशा डोळे पुसत परत आल्या. मी ओसरीवर बसून होतो. उठलो नाही.

तालुकदारसाहेबांचा दौरा परळीकडून परत वळला, इकडे ते आलेच नाहीत. वेस झाली, चांगली झाली. तिच्यातून शेरडे जातात. आता गहिनीनाथ म्हणतो, आड आधी घ्या असे मी पहिल्यापासून सांगत होतो. राधाकिशनही तेच म्हणतो. आश्रुबा तर आपणच आडात उतरलो होतो, असे परगावी सांगत फिरतो. यांच्या तोंडाला मी लागत नाही.

आमचा गडी रामकिसन पाण्याला गेला की बाया त्याला विचारतात, "पाटलीणबाई कवा येणार?" तो येऊन मला विचारतो. मी त्याला शिवी घालतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. संक्रांतीला घरात तीळगूळ झाला नाही, तर तेही गावभर झाले.

आणखी एक. आड निवळला तरी मी बरेच दिवस नदीचेच पाणी मागवत होतो. त्यापायी पोट बिघडून अंथरुणाला खिळलो, हे इथे कुणाला कळू दिलेले नाही. काल उठता आले तसा आडावर गेलो आणि तिथेच पोहरा ओढून प्यायलो. पाणी गोड आहे. भामाबाई बघत होती. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

हे पत्र घेऊन रामकिसन येत आहे. गाडीला आपलीच जोडी आहे, आत घोंगडी घातली आहे. कशासाठी ते मी त्याला सांगितलेले नाही. पत्र तुम्ही मोठ्याने वाचाल, तेव्हा गावच्या लोकांबद्दल लिहिलेले गाळून वाचा. तिला ते आवडायचे नाही.

आमच्या स्वयंपाकघराचे छप्पर तुफानात गेले, ते अजून उघडेच आहे. माजघराची भिंतही खचली आहे. गवंडी थांबवून ठेवला आहे. आधी काय बांधायचे ते तुमच्या भगिनी चंद्रभागाबाईंना विचारून कळवावे. त्या म्हणतील तसे होईल.

आपला,
विठ्ठल