मास्तरांच्या पेटीतली ओल

प्रिय भिंगरी,

या नावाने तुला हाक मारायचा हक्क मला अजून आहे की नाही, ठाऊक नाही. पण पाकिटावर तुझं नाव अगदी नीट, आडनावासकट लिहिलंय, तेव्हा आत तरी मला हवं ते लिहू दे. तुझं पत्र पोचलं. पुढच्या महिन्यात आपल्या अ‍ॅकॉर्डियन क्लबला पन्नास वर्षं होतायत, त्या कार्यक्रमाला तू येणार, मास्तरांच्या, म्हणजे तुझ्या बाबांच्या, पेटीवर त्यांचीच चाल वाजवणार आणि मग पेटी लेकीसाठी घेऊन जाणार. चार ओळींचं पत्र, पण इतक्यांदा उघडलं आणि मिटलं की घडीवर फाटायला आलंय. मला आनंद झाला हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे लिहायचंय त्यात तो दिसेलच असं नाही.

आधी क्लबची हालहवाल. खोली तीच, लाँड्रीच्या वरची. खालून वाफ अजूनही तशीच येते. आठवतं ना, वाफेने पट्ट्या गंजतात म्हणून मास्तर लाँड्रीवाल्याशी भांडायचे आणि सुरात ओल नाही म्हणून आमच्याशी. आता लाँड्री त्याचा मुलगा चालवतो, आणि बापाची गादी सांभाळावी तसं त्याच्याशी भांडायचं काम मी सांभाळतो. दर गुरुवारी सहाला अकराजण जमतो. दातांचे डॉक्टर अजून प्रत्येक चाल अशा घाईने वाजवतात, जणू कोणी खुर्चीत तोंड उघडून बसलाय. नर्सबाई निवृत्त झाल्या, पण पायाने ताल असा आपटतात की लाँड्रीवाला खालून काठीने छत ठोकतो. मागच्या महिन्यात आम्ही वृद्धाश्रमात वाजवायला गेलो होतो. पहिल्या रांगेतले एक आजोबा दीड तास गाढ झोपले होते. आम्ही पट्टे सोडून पेट्या खाली ठेवल्या तसे जागे झाले आणि म्हणाले, चला, करा आता सुरू. मग काय, पुन्हा गळ्यात अडकवल्या आणि तीन चाली जास्त वाजवल्या.

नवीन माणूस आला की त्याची पेटी टेबलावर उघडायची, ही मास्तरांची पद्धत आम्ही सोडलेली नाही. तुझ्या लेकीला हे माहीत नसेल, तिला वाचून दाखव. आपल्या पेटीत एका सुराला दोन पोलादी पट्ट्या. एक बरोब्बर सुरात, दुसरी केसभर चढी. दोन्ही एकदम वाजल्या की सूर थरथरतो. त्या थरथरण्याला मास्तर ओल म्हणायचे. दोन्ही पट्ट्या एकसारख्या लावल्या की सूर स्वच्छ येतो, पण कोरडा. किती थरथर हवी हे कुठल्या पुस्तकात नाही. ते मास्तरांच्या कानात होतं आणि त्यांनी ते प्रत्येकाच्या पेटीत स्वतःच्या हाताने घातलं. म्हणून तर दहा गावचे लोक जमले तरी डोळे मिटून सांगायचे, हा आपला क्लब वाजतोय. आता ते काम माझ्याकडे आहे. पोरं मोबाइल घेऊन येतात, त्यात काटा हलतो, हिरवा दिवा लागतो आणि ती मला सांगतात की तुमचा सूर चुकलाय. मी म्हणतो, बाळांनो, पन्नास वर्षं तो असाच चुकलेला आहे, तुम्ही फक्त मेण गरम करा.

मेणावरून आठवलं. मला अजून सगळे मेण्याच म्हणतात. पट्ट्या मेणाने बसवता बसवता हे नाव पडलं, ते तूच पाडलंस. चौदा वर्षांचा होतो मी आणि तू अकराची. पहिल्याच दिवशी माझ्या बोटांकडे बघून नाक मुरडलंस आणि नाव ठेवून मोकळी झालीस. माझं खरं नाव आता बँकेला आणि मला, दोघांनाच ठाऊक आहे.

तू गेलीस तो दिवस मी रोज आठवतो असं म्हटलं तर खोटं होईल. पण गुरुवारी आठवतोच. मास्तरांना जाऊन तीन महिने झाले होते. तुला पुलांच्या कामावर नोकरी लागली होती, दुसऱ्या टोकाला, आगगाडीने दोन दिवस. क्लबच्या जिन्यात तू वरच्या पायरीवर उभी होतीस, मी खाली, हातात तुझी बॅग. तू म्हणालीस, “चल माझ्याबरोबर.” साधं, बाजारात चल म्हणावं तसं. आणि मी, सत्तावीस वर्षांचा घोडा, काय म्हणालो?

“आणि गुरुवारचं काय?”

तुला आधी वाटलं मी थट्टा करतोय. हसलीस सुद्धा. मग माझा चेहरा बघितलास आणि हसणं थांबलं. “मग तू गुरुवारच सांभाळ,” एवढंच म्हणालीस. त्या तुझ्या वाक्याला चौतीस वर्षं झाली आणि मी ते काम इमानेइतबारे केलंय. ताप होता तेव्हा सुद्धा एक गुरुवार चुकवला नाही. खरं सांगायचं तर एक चुकवला. त्याच्याबद्दलच लिहायचं आहे आणि मघापासून दातांच्या डॉक्टरांच्या गोष्टी सांगत बसलोय.

मास्तरांची पेटी तू माझ्याकडे ठेवून गेलीस. म्हणालीस, नवीन घर लागलं की घ्यायला येईन, तोपर्यंत आतल्या पट्ट्यांना हात लावायचा नाही, फक्त आठवड्यातून एकदा भाता उघड, नाहीतर तो आखडेल. मी कबूल केलं. दर गुरुवारी सगळे घरी गेले की मी ती पेटी मांडीवर घ्यायचो आणि मास्तरांची चाल एकदा वाजवायचो. तो सूर निघाला की वाटायचं तू जिन्यावर आहेस. अगदी वाटायचंच, भास म्हण, वेड म्हण. दोनदा तर मी उठून दार उघडून बघितलं होतं. दीड वर्ष हे चाललं. मग एका बुधवारी तुझ्या लग्नाची पत्रिका आली. वर तुझ्या हाताने लिहिलं होतं, जरूर ये. मी आलो नाही. त्या गुरुवारी क्लबलाही गेलो नाही. माझ्या पेटीदुरुस्तीच्या दुकानाचं शटर आतून ओढून घेतलं, मास्तरांची पेटी टेबलावर उघडली आणि हातात कानस घेतली.

तुला कळलं असेलच आता मी काय केलं. चढी पट्टी मुळाशी घासली की सूर उतरतो. एकेचाळीस सूर, आणि प्रत्येकाची चढी पट्टी भाता उघडतानाची वेगळी, मिटतानाची वेगळी, अशा ब्याऐंशी चढ्या पट्ट्या. एकेक घासली, वाजवून बघितली, पुन्हा घासली, सगळी ओल जाईपर्यंत. रागाच्या भरात माणूस एखादा कप फोडतो गं. मी दोन दिवस, मध्ये जेवून, चहा पिऊन, डोळ्याला भिंग लावून, नीट, सुबक काम करत होतो. आयुष्यात इतकं स्वच्छ काम मी पुन्हा केलं नाही. संपल्यावर चाल वाजवली. प्रत्येक सूर बरोबर होता आणि जिन्यावर कोणीही नव्हतं. हेच तर मला हवं होतं. दोन मिनिटं हवं होतं. मग मी त्या पेटीवर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडलो.

पुढच्या आठवड्यात नर्सबाईंनी ती वाजवून बघितली आणि म्हणाल्या, आज कोरडी लागतेय, हवा बदललेली दिसते. मी हो म्हटलं. त्यानंतर ती पेटी मी कोणाला वाजवू दिली नाही. सगळ्यांना सांगितलं, मास्तरांच्या पेटीला दुसऱ्या कोणाचा हात नको. लोकांना काय वाटलं माहितेय? काय ही गुरुभक्ती! पंचविसाव्या वर्षी त्याबद्दल मला शाल दिली गं त्यांनी, सगळ्यांसमोर. ती मी एकदाही पांघरलेली नाही. तू दर दोन-चार वर्षांनी एखाद्या नव्या पुलाचं कार्ड पाठवायचीस आणि खाली विचारायचीस, बाबांची पेटी कशी आहे? मी लिहायचो, छान आहे. तुझे यजमान गेले तेव्हाही मी दोन ओळींच्या वर लिहू शकलो नाही, कारण तिसरी ओळ पेटीची झाली असती.

आता तू येतेयस म्हटल्यावर पाच आठवडे मी पुन्हा तिच्यापुढे बसलोय. घासलेला धातू परत येत नाही, पण पट्टी टोकाशी घासून सूर पुन्हा चढवता येतो. किती चढवायचा, एवढाच प्रश्न. खालच्या आणि मधल्या सुरांचं जमलं. मास्तरांनी तीच थरथर नर्सबाईंच्या जुन्या पेटीत घातली होती आणि ती पेटी मी कधी बिघडवली नव्हती, तिच्यावरून लावून घेतली. पण वरचे तेरा सूर फक्त मास्तरांच्या पेटीत वेगळे होते. एक जुनी कॅसेट आहे, पण टेप इतकी सैल पडलीय की तिच्यात सगळंच थरथरतं, माणसाचा खोकलासुद्धा. आणि दुसरं म्हणजे माझे कान. चाळीस वर्षं कानाशी कानस धरली, त्याचं फळ. कानाचे डॉक्टर म्हणाले, उंच सूर आता तुम्हाला येणार नाहीत. खरं आहे. वरचे तेरा वाजवले की मला फक्त बोटाखाली कळ दबल्याचं कळतं. दातांच्या डॉक्टरांना मी सगळं सांगितलं, तुझ्याआधी त्यांना सांगितलं याचा राग धरू नकोस. ते मोबाइल घेऊन शेजारी बसायला तयार आहेत. मोजून देतील, म्हणतात, सेकंदाला किती थरथरी हव्यात तेवढं सांगा. तेवढंच तर मला सांगता येत नाही.

आणि आता जे कोणालाच ठाऊक नाही ते. तुला आठवतं, मास्तर तुला काम सांगून सांगून बेजार करायचे? काडेपेटी आण. आणलीस की, दोरा आण. मग पाणी. मग पुन्हा काडेपेटी, आधीची ओली झाली म्हणून. तू चिडायचीस, सगळं एकदाच का नाही सांगत म्हणून, आणि धडधडत एकवीस पायऱ्या उतरायचीस. त्या वेळी ते टेबलाशी पेटी उघडून बसलेले असायचे, दार मुद्दाम उघडं ठेवून. तुझी पावलं खाली जाईपर्यंत एक बोट टेबलावर वाजवत राहायचे आणि लगेच वरच्या एका सुराला कानस लावायचे. काडेपेटी त्यांना कधीच नको होती. ते वरचे तेरा सूर तुझ्या जिना उतरण्यावर लावलेत, भिंगरी, थरथर तुझ्या पावलांच्या वेगाची. मी शेजारी मेण गरम करत होतो. मला म्हणाले होते, “तिला सांगू नकोस, नाहीतर मुद्दाम पळेल.” सत्तेचाळीस वर्षं मी हे पाळलं. उगाच नव्हतीस तू मला त्या पेटीत ऐकू येत, आणि उगाच नव्हती मी ती घासली. तो वेग मी आठवून बघतो, पण दर वेळी वेगळाच निघतो. ज्या दिवशी तुझी फार आठवण येते त्या दिवशी तर फारच हळू. म्हणून हे पत्र. थेट कार्यक्रमाला येऊ नकोस, त्याच्या आधीच्या गुरुवारी ये, दुपारीच, कोणी यायच्या आत. तुला मला जे बोलायचं असेल ते बोल, सगळं ऐकून घेईन, तेवढं अजून ऐकू येतं. मग वर जा आणि जिना उतर. मी खालच्या पायरीवर बसेन, कठड्याच्या लाकडावर हात ठेवून. पावलं हाताला कळतात, मी लाँड्रीवाल्याच्या पोरीला उतरायला लावून बघितलंय. तू आता अठ्ठावन्नची आहेस, गुडघे दुखतात असं तूच लिहिलं होतंस. तेव्हा अकरा वर्षांच्या पोरीसारखी पळू नकोस, सावकाश उतर, कठडा धर, हवं तर मध्ये थांब. जशी उतरशील तशी ती पेटी लावीन. आणि तिथेच खाली, चौतीस वर्षांपूर्वी जे विचारलं होतंस त्याचं उत्तर मला बदलून द्यायचं आहे. गुरुवार आता नर्सबाई सांभाळतील, मी त्यांना विचारून ठेवलंय.

वाट बघतोय.

तुझाच,
मेण्या