थेलीसच्या नावावर हवा

११ मार्च, मंगळवार

चि. छकुलीस,
अनेक आशीर्वाद. सात वर्षांनी माझं अक्षर दिसलं तर पाकीट न फोडताच टाकशील, म्हणून वरचा पत्ता तुझ्या आईच्या हातून लिहून घेतला. एवढी लबाडी माफ कर.

इकडे सगळं ठीक. ताईचे गुडघे कुरकुरतात, तरी रोज जिना चढून माझा डबा आणते. मी दोन महिन्यांत निवृत्त होतोय. तर्कशास्त्राला यंदा अकराच मुलं, त्यातली चार झोपायला येतात. औषधांच्या कारखान्यात अजून दिवसभर उभंच राहावं लागतं का गं? पाय सुजतात, असं ताई म्हणाली.

ताई अजून माझीच माफी मागते. "पोरीने तुला मान खाली घालायला लावली रे. पण तू नातं बघितलं नाहीस, न्याय केलास." ऐकत ऐकत मी तिचाच डबा संपवतो. तसाच परत दिला तर विचारेल ना, का म्हणून.

चौकशीचा दिवस तुला सांगायला नको. प्राचार्यांच्या टेबलावर दोन उत्तरपत्रिका, तुझी आणि तुझ्या मैत्रिणीची. सगळं पाण्यापासून झालं म्हणणाऱ्या ग्रीक थेलीसच्या नावावर दोघींनीही हवा लिहिलेली. मी म्हणालो, "नक्कल केली की चुका सारख्या येतात. इथे चुका सारख्या आहेत. म्हणजे नक्कल झाली." सगळ्यांनी माना डोलावल्या. वर्गात मात्र मीच शिकवायचो, की पाऊस पडला की रस्ता ओला होतो. पण रस्ता ओला दिसला म्हणून पाऊसच पडला असं नाही, टँकरही गळला असेल.

तू म्हणालीस, "मामा, तुम्हीच तसं लिहून दिलं होतंत."

"इथे मी मामा नाही. आणि मी असं सांगेन का?"

मैत्रीण माफीनामा देऊन सुटली. तू म्हणालीस, "जे केलंच नाही त्याची माफी कशी मागू?" तुला काढून टाकलं.

परवा ताईने तुझ्या वह्या रद्दीत द्यायला काढल्या. त्यात ते पान निघालं. बसगाड्या बंद होत्या त्या दिवसाचं. वर्गात तुम्ही दोघीच आला होतात. माझ्याच अक्षरात: थेलीस, हवा. चूक माझी होती, हे मला परवा कळलं.

नाही. वरचं वाक्य खोडत नाही, मी अजून कसा लिहितो ते तुला दिसू दे. मला त्याच दिवशी आठवलं होतं. तू बोललीस आणि लगेच आठवलं. भाचीला वाचवायला मामा अंगावर घेतोय असं चौघं म्हणतील, ही भीती होती, असं मी मनाला सांगत आलो. खरं कारण त्याहून क्षुद्र. चार सहकाऱ्यांसमोर 'चुकलो' म्हणायची लाज वाटली. मग उद्या सांगू, उद्या सांगू.

काल नव्या प्राचार्यांना लेखी कबुली दिली. "मिटलेलं प्रकरण कशाला उकरता, सर?" म्हणत त्यांनी कागद परत सरकवला. मी तो आवक-जावकच्या खिडकीत दिला आणि पोच घेतली. प्रत सोबत आहे. तिने तुझी सात वर्षं परत येत नाहीत, मला माहीत आहे.

ताईला अजून सांगितलेलं नाही. ती समोरच बसलीय, पत्र टाकायला तीच नेणार. म्हणतेय, "एवढं काय लिहितोस? रागावू नकोस हं पोरीला. वाच बघू."

वाचतो. यापुढे काही लिहायचं असेल तर ती लिहील.

तुझ्या आईचा भाऊ