जिवंत बाईचा खाडा

गिरगाव,
११ मार्च २०२५

ती. सौ. दुर्गावहिनीस,
माया हिचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही रडाल आणि मी विरघळेन, म्हणून लिहिते आहे. मला विरघळायचं नाही.

शेजारच्या आकांक्षाने मोठ्या कौतुकाने व्हिडिओ दाखवला. दादरच्या सभागृहात महिलादिनाचा कार्यक्रम, आपल्या लालबागच्या चाळीचं पाटवादन. अकरा उलटे पाट, अकरा लाटणी. एकेकीचा एकेक ठोका फिरत आला आणि सातवाही वाजला! माझ्या फणसाच्या पाटावर तुमची सून मनवा. जरीचा पदर सावरत.

वहिनी, नियम तुम्हाला मी सांगायचा? जी आली नाही तिचा ठोका कोणी वाजवायचा नाही, तेवढी जागा गप्प सोडायची. गिरणीत कामावर न जाणं म्हणजे खाडा, म्हणून आपल्या बायका त्या गप्प जागेलाही खाडाच म्हणत आल्या. ठोका दुसरीला जातो तो बाई मेल्यावर. मग मी कधी मेले, तेवढं कळवा.

ह्यांना अर्धांग होऊन सहा वर्षं झाली. मी बाहेर पडते ती औषधं आणि भाजी आणायला. पण दर पौर्णिमेला, चाळीत पाट वाजायच्या वेळी, ओट्यापाशी उभी राहून मनात म्हणत असे, आता तिकडे दहा जणी माझ्यासाठी एक ठोका थांबल्या असतील. शाळेत सिस्टर पियानो शिकवायच्या. त्यात गप्प राहण्यालाही कागदावर खूण असते. आपल्याकडे कागद नाही, माणसांनीच लक्षात ठेवायचं. तुम्ही ठेवलं नाहीत.

दादाला नमस्कार. तुमच्यावर लोभ ठेवायचा की नाही, ते अजून ठरलेलं नाही.

माया

लालबाग,
१५ मार्च २०२५

चि. सौ. मायास, अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. तुझ्या दादाला वाचून दाखवलं नाही, त्यांचं बीपी वाढतं. माझं वाढलंच.

म्हणे मेले! शहाणी आहेस. कार्यक्रमवाला निलेश म्हणाला की मधेच आवाज जातो, बघणाऱ्यांना वाटेल रेकॉर्डिंग बिघडलं, तेवढा ठोका भरून टाका. अंबिकाकाकू त्याच्याशी भांडली. मी हो म्हटलं. चूक माझी, सुनेची नाही. तिला बिचारीला आत्यांच्या पाटावर बसायचा मान मिळाला असंच वाटलं.

पण आता माझंही ऐक. बाय गो, लालबागहून गिरगाव किती लांब? तीनदा आले मी. एकदा तिरफळं घालून केलेली बांगड्याची आमटी, एकदा घावणे, एकदा नुसतीच, तुला बघायला. तिन्ही वेळा दार चार बोटं उघडून म्हणालीस, ते झोपलेत. दुपारी बाराला झोपलेले, संध्याकाळी सहाला झोपलेले! डबा घेतलास आणि कडी लावलीस. सहा वर्षं मी तुझ्या गप्प पाटाशेजारी बसते. आठवा ठोका माझा. तुझा खाडा आला की माझा हात वरच्या वर थांबतो, खांदा भरून येतो. आम्ही तुझ्यासाठी थांबायचं आणि तू आम्हाला उंबऱ्याबाहेर ठेवायचं, हा नियम कुणी केला?

रमाकांतरावांना विचारलं म्हणून सांग. जागे असले तर.

तुझी वहिनी,
दुर्गा

गिरगाव,
१८ मार्च २०२५

ती. सौ. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

तुमची शेवटची ओळ वाचून पत्र फाडणार होते.

ते झोपलेले नसायचे. आजारपणापासून त्यांच्या तोंडून शिव्याच येतात. येईल त्याला, मलाही. ज्या माणसाने उभ्या संसारात आवाज चढवला नाही, त्याचं ते बोलणं तुमच्या कानावर पडू नये, म्हणून दार चार बोटं. आमटी मात्र त्यांनी वाडगा पुसून खाल्ली.

राग गेलेला नाही. व्हिडिओ आणखी चारदा पाहिला. मनवा घड्याळासारखी वेळेवर मारते. सातवा ठोका किंचित उशिरा पडायला हवा, सहावीचा नाद विझता विझता. तो माझ्या हातात बसवायला आईला अख्खा पावसाळा लागला. तुम्हाला तो शिकवता यायचा नाही, माझ्याशिवाय कुणालाच यायचा नाही.

मला आता लालबागला येणं जमणार नाही, हेही एकदा खरं लिहून टाकते.

शनिवारी अकरा वाजता मनवाला पाट देऊन पाठवा. दार सताड उघडं असेल. आत शिव्या ऐकू येतील, तिला आधीच सांगून ठेवा. तिचा हात बसला असं मी म्हणेपर्यंत तिकडे माझा खाडा धरायचा, निलेश काहीही म्हणो. मग सातवा ठोका मी तिला देईन. तुम्ही नाही, मी. बाई जिवंत असताना ठोका देत नाहीत, हे मला ठाऊक आहे. आता देतील.

लोभ आहे तसाच आहे. रागही.

माया