माझ्या मापाची सीट

५ जानेवारी २०२५, रविवार

दुखतं कुठे ते घरात कुणाला सांगता येत नाही, म्हणून ही वही उघडली. एकतीस वर्षं मुलींना गणित शिकवलं. फळ्यावर कसलीही आकृती काढताना हात अडखळला नाही. आणि आज स्वप्नीलने विचारलं, "आई, लंगडतेस का?" तर म्हटलं, "गुडघा." खोटं! गुडघा ठणठणीत आहे. दुखतं ते सायकलच्या सीटमुळे. जिथे बसते तिथे. आणि पुढे, त्याहून नाजूक जागी – वीस किलोमीटरनंतर तिथे बधिरच होतं.

लिहिलं. वही काही लाजली नाही.

८ जानेवारी

डॉक्टरीणबाईंना दाखवलं. फोड आहे, दहा दिवस सायकल बंद. हात धुता धुता म्हणाल्या, "चौसष्टाव्या वर्षी हे हवंय कशाला? बागेत चाला की." मी म्हटलं, "फोड कशाने बरा होईल तेवढं लिहून द्या."

स्वप्नीलने ती चिठ्ठी वाचली. सगळं कळलं त्याला. तोंड फिरवून म्हणाला, "आमच्या ऑफिसातल्या राहुलला रोड बाईक हवीच आहे. देऊन टाकू."

देऊन टाकू! सायकल माझी, मी घेतलेली. पातळ टायरची, खाली वळलेल्या हँडलची, इतकी हलकी की एका हाताने उचलते. हे गेल्यावर चार वर्षं मी लालबागच्या या चौदाव्या मजल्यावर खिडकीशी बसून काढली. पाचव्या वर्षी सायकल घेतली. पुन्हा खिडकीशी बसणार नाही.

११ जानेवारी

परळला कोंडीरामच्या सायकल दुकानात गेले. म्हटलं, ही सीट पुरुषाच्या मापाची आहे, मला बाईच्या मापाची हवी. तो हातातल्या पंपाकडे बघत म्हणाला, "बाई, ते... मिसेसला बोलावतो. तिला सांगा, ती मला सांगेल."

आली रखमा. मी तिला सांगायचं, तिने त्याला सांगायचं – आणि हा दोन फुटांवर उभा!

"अहो, बाईंना पुढनं टोचतंय."

"किती रुंद पायजे ते विचार."

"माप कसं घेतात ते विचार त्याला!" मी इतक्या मोठ्याने म्हटलं की शेजारचा पानवालाही वळला.

शेवटी कळलं. बसल्यावर आपली दोन हाडं टेकतात. मऊ कशावर तरी बसायचं, दोन खळगे पडतात, त्यांच्यातलं अंतर मोजायचं. सीट त्याहून तीन-साडेतीन सेंटीमीटर रुंद.

१२ जानेवारी

पाटावर कणकेचा जाड थर थापला, वर प्लॅस्टिक, त्यावर बसले. दोन खळगे. साडेतेरा सेंटीमीटर. तीनदा मोजलं.

सून श्रेया आत आली. "आई, हे काय?"

"प्रयोग."

"मग पोळ्या?"

"मध्ये प्लॅस्टिक होतं."

तरी तिने त्या कणकेच्या पोळ्या केल्या नाहीत. वडापाव मागवले.

१९ जानेवारी, रविवार

फोड बरा. नवी रुंद सीट लावून गिरगाव चौपाटीपर्यंत गेले. मांड्या आतून सोलून निघाल्या! मापात चूक होणं शक्यच नाही.

लिफ्टमध्ये शेजारच्या शेवंतीवहिनी. "ह्या वयात कित्याक व्हयी गो तुका ती सायकल?"

"तुमच्या वयात नको. माझ्या वयात हवी."

दोघी एकाच वर्षीच्या आहोत.

२० जानेवारी

आकांक्षाला फोन केला. माझी जुनी विद्यार्थिनी, गिरगावातली, सायकलच्या शर्यतीत उतरते. गणितात जेमतेम पास. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई, कणकेवर बसलात कशा?"

"कशा म्हणजे? पाटावर बसतात तशी. मांडी घालून."

इतकी हसली! "बाई, तुम्ही सायकलपण मांडी घालून चालवता?"

मग तिने मला शिकवलं. मांडी घातली की सगळं पसरतं, माप फुगतं. बुटक्या स्टुलावर बसायचं, पाय जमिनीला, पुढे वाकून. पुन्हा कणीक मळली. साडेदहा! तीन सेंटीमीटरची चूक. माझ्या वर्गात एवढ्यासाठी मी तिलाच बाकावर उभी केली असती.

२५ जानेवारी

कोंडीरामने सीट बदलली. साडेदहाच्या हिशेबाने चौदा सेंटीमीटर रुंद, आखूड नाकाची, मधोमध फट असलेली. गवंड्याची पाणसळ वर ठेवून सरळ केली. आज रखमाला मध्ये घेतलं नाही. "बाई, पुढनं टोचतंय?" "नाही." "मागनं?" "नाही." कानापर्यंत लाल झाला, पण विचारलं.

२८ जानेवारी

स्वप्नीलची अट: "रविवारी साठ किलोमीटर कर. उतरल्यावर धड चालता आलं तर ठेव सायकल. नाही तर राहुल घेऊन जाईल."

माझ्याच वस्तूसाठी मीच परीक्षा द्यायची! देईन. मान्य!

२ फेब्रुवारी, रविवार

लालबाग ते कफ परेडचं मच्छीमार नगर, तिथून उलट माहीम, मग पुन्हा तेच. बासष्ट किलोमीटर. दुसऱ्यांदा मच्छीमार नगरात पोचले, वाळत घातलेल्या बोंबलांचा वास आला, आणि लक्षात आलं – गेला तासभर सीट आठवलीच नाही. खाली काही आहे हेच विसरले होते. एवढंच तर हवं होतं.

स्वप्नील गेटवर उभा. मी लिफ्ट सोडून जिना धरला. चौदा मजले. तो मागून धापा टाकत.

४ फेब्रुवारी

बाजारातून आले तर पॅसेजमध्ये सायकल नाही.

"राहुल घेऊन गेला." नजर मोबाइलमध्ये.

"अट मी जिंकले होते."

"म्हणूनच दिली, आई. हरली असतीस तर आपसूक थांबली असतीस. आता तू थांबणार नाहीस. आणि एक दिवस मला तुला रस्त्यावरून उचलावं लागेल."

श्रेया दारातून म्हणाली, "मी म्हटलं होतं, निदान विचारून द्या."

आरडाओरडा केला नाही. म्हटलं, "उद्या सकाळी दहापर्यंत परत आण."

"आणि नाही आणली तर?" हसला.

५ फेब्रुवारी

सव्वादहाला पोलीस ठाण्यात. हवालदार म्हणाले, "मावशी, घरचं मॅटर आहे, समजुतीनं घ्या." म्हटलं, "लिहून घ्या."

दिलं ते असं: लेखी तक्रार, एक पान. खरेदीच्या पावतीची प्रत. गेलेली वस्तू – रोड बाईक, निळी. सीट चौदा सेंटीमीटर, माझ्या मापाची. परवानगीशिवाय दुसऱ्याला देणारा – स्वप्नील. नातं – मुलगा.

शिक्का मारून पोच घेतली.