जांभळ्या ठिपक्यांच्या काचा

३ जून

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझे पत्र सोमवारी पोचले. गुडघ्याची सूज अजून आहे हे वाचून वाईट वाटले. वरच्या मजल्यावरून काही आणायचे झाले तर तू स्वतः जातेस की भावोजींना पाठवतेस, ते लिहिले नाहीस. लिहावेस.

ठरल्याप्रमाणे माझ्या संकल्पांचा महिन्याचा अहवाल देतो. पहाटे साडेपाचला उठणे, एकतीसपैकी सव्वीस दिवस. चहा बंद, एकतीसपैकी एकतीस. रोज दहा पाने वाचणे, यात मात्र मी नापास. तिसऱ्या पानावर कोणीतरी कपाळ आतून बोटाने दाबते आहे असे वाटते, डोळ्यांना पाणी येते आणि ओळी एकमेकींच्या अंगावर बसतात. पित्त असावे म्हणून चहा सोडला होता. पित्त गेले नाही, चहा मात्र गेला. डोळ्यांचे म्हणशील तर ते ठणठणीत आहेत. दुकानातला नंबर तपासायचा अक्षरांचा तक्ता रोज सकाळी मीच पुसून टांगतो आणि दर शनिवारी त्याच्यासमोर उभा राहून शेवटची बारीक ओळसुद्धा न अडखळता म्हणतो.

दुकानातला नवा माणूस टिकला का, असे तू विचारलेस. टिकला, आणि रुजलासुद्धा. मी त्याला मनात पदवीधर म्हणतो, कारण मालक गिऱ्हाइकांना त्याची ओळख तशीच करून देतात. मी इथे सात वर्षे आहे. माझी ओळख कुणाला करून दिल्याचे मला आठवत नाही. ताई, चष्म्याची काच घासताना मी श्वाससुद्धा बेताने घेतो, आणि हा माणूस शीळ घालतो. तरी त्याची काच फ्रेममध्ये पहिल्याच झटक्याला बसते. डबा खाऊन झाला की तो कादंबरी वाचतो, उशीएवढी जाड. मी चोरून पाहिले, तर दोन दिवसांत त्याची खूण दीडशे पानांनी पुढे गेली होती. त्याला पित्त नसावे.

महिनाअखेर वस्ताद काम सोडणार आहेत. त्यांची खिडकीजवळची, काचा घासण्याची जागा कुणाला द्यायची ते मालक एक तारखेला सांगतील, तोवर आम्हा दोघांनाही काचा घासायला देऊन पाहताहेत. त्याच जागेसाठी मी सात वर्षे चष्म्यांच्या डब्या लावल्या आणि दांड्यांचे स्क्रू पिळले. ती हुकली तर मी जन्मभर काउंटरवर उभा राहीन आणि खिडकीतून शीळ ऐकीन.

भावोजींना नमस्कार. लोभ आहेच, गुडघ्याला झेपेल तेवढा वाढवावा.

तुझा भाऊ


९ जून

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

नावावरून रुसू नकोस. ठेवलं मी, पण रोज जागवतोस तू. एकतीसपैकी सव्वीस म्हणे! उरलेल्या पाच दिवसांचं प्रायश्चित्त काय घेतलंस, तेही कळव.

माझा संकल्प जिने चढण्याचा होता, तो गुडघ्याने मोडला. इस्पितळाच्या धुलाईघरात दिवसभर उभं राहून चादरी घडी करायच्या आणि वर व्यायाम करायचा, हे ज्याने सुचवलं त्याने एकदा माझ्या जागी उभं राहावं. (सुचवलं तूच.) तुझे भावोजी पोट उतरवताहेत. रोज सकाळी गोदामातल्या मालाच्या काट्यावर उभे राहतात, खिसे रिकामे करून, बूट काढून. वजन उतरलं नाही की काटा बिघडला म्हणतात. परवा काटा दुरुस्त करणारा माणूस बोलावला. त्याने स्वतः उभं राहून पाहिलं आणि काटा बरोबर आहे म्हणाला. तेव्हापासून घरात त्या माणसाचं नाव काढायचं नाही.

तुझा पदवीधर शीळ घालतो, वाचतो आणि काम नीट करतो. मला तर माणूस गोड वाटला. तुझं दुखणं पित्ताचं नाही बाबा. नुसतंच पोटात दुखतंय. आणि डोक्याचं काय सांगतोस? पुस्तक उघडलं की तुझं डोकं दुखायचं हे सगळ्या आळीला ठाऊक होतं. आई मांडीवर डोकं घेऊन तेल चोळत बसायची आणि भांडी माझ्या वाट्याला यायची.

चहा सुरू कर. असाच लिहीत राहा, तुझ्या काळज्या वाचल्या की माझ्या लहान वाटतात.

तुझी ताई


१७ जून

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुला तो माणूस गोड वाटला. हे वाक्य मी चार वेळा वाचले. ज्याला तू पाहिलेले नाहीस तो गोड, आणि सख्ख्या भावाच्या पोटात दुखते. ठीक आहे. आता पुढचे वाच आणि मग गोड म्हण.

काच घासण्याआधी तिच्यावर शाईचे तीन ठिपके देतात. ठिपके एका आडव्या रेषेत ठेवून काच बसवली की नंबर सरळ बसतो. केसभर कलली तर गिऱ्हाइकाला फरशी उतरती दिसते. सगळे काळी शाई वापरतात, मी जांभळी वापरतो, म्हणजे माझे काम माझे म्हणून ओळखू येते. काल एक बारीक स्क्रू हवा होता म्हणून मी पदवीधराचा खण उघडला. आत कागदात गुंडाळलेल्या नऊ काचा होत्या. नऊही काचांवर जांभळे ठिपके.

या काचा मी गेल्या पंधरवड्यात चष्म्यांत बसवून ट्रेमध्ये ठेवल्या होत्या. म्हणजे माझ्या पाठीमागे याने त्या काढल्या आणि स्वतःच्या बसवल्या. गिऱ्हाईक खूश झाले की नाव त्याचे. माझ्या काचा जपून ठेवल्या त्या एक तारखेला मालकांपुढे मांडायला, यात मला शंका नाही. मी नऊही काचा उजेडात धरून तपासल्या. ठिपके मला सरळच दिसले.

मी खण होता तसा लावला. गेले दोन आठवडे तो डबा खाऊन झाल्यावर वाचतही नाही, कादंबरीतली खूण एकाच पानावर अडकली आहे. ते पाहून आधी मला बरे वाटले होते. आता कळले की तो तेव्हा कशात गुंतलेला असतो.

मालकांना द्यायचा तक्रारअर्ज लिहिला आहे. त्याची नक्कल सोबत जोडली आहे. शब्द तेवढे तपासून दे. अर्जात चूक राहिली तर हसे होईल, आणि तिकडे पदवीधर आहे. डोके आज सकाळपासून दुखते आहे. डोळ्यांवर गार पाण्याचे हबके मारतो, मान वळवण्याचे व्यायाम करतो, साडेनऊला झोपतो. माणसाने आणखी किती सुधारायचे?

माया पातळ होऊ देऊ नये.

तुझा भाऊ


२१ जून

चि. भावास,
अनेक आशीर्वाद.

अर्ज मिळाला. शब्द एकही चुकलेला नाही. पण तो अर्ज मालकांना देऊ नकोस, निदान माझं हे पत्र पुरतं वाचेपर्यंत तरी.

तुझी पत्रं मी बिस्किटांच्या डब्यात ठेवते. काल अर्ज वाचताना काहीतरी खटकलं, काय ते कळेना, म्हणून डबा उघडून सगळी पत्रं पलंगावर मांडली. तुझी बहीण असल्यामुळे ओळी मोजल्या. दोन वर्षांपूर्वी तुझ्या एका पानात एकोणतीस ओळी असायच्या. गेल्या वर्षी बावीस. या अर्जाच्या पानात पंधरा आहेत, आणि प्रत्येक ओळ उजवीकडे खाली उतरली आहे. मोजपट्टीची ओळ उतरते, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. तुझे भावोजी म्हणाले, घाईत लिहिलं असेल. मी म्हटलं, तो घाईसुद्धा सावकाश करतो.

तू म्हणशील की तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत येतो. तेच विचारायचं आहे. तो तू वाचतोस की म्हणतोस? सात वर्षं रोज हाताने पुसलेला तक्ता आहे तो. तू पहिलीत असताना पाहुण्यांपुढे धडा घडाघडा म्हणून दाखवला होतास, आणि शेवटी आजोबांनी पुस्तक हातातून घेऊन सुलटं केलं होतं. सगळे हसले होते. तूही हसलास, पण का हसताहेत ते तुला कळलं नव्हतं.

ज्या तक्त्याला तुझा हात कधी लागला नाही असा तक्ता शोध आणि दुसऱ्या कुणाला टांगायला सांग. ठिपके तुला सरळ दिसले, ते त्यालाही सरळ दिसतात का, एवढं विचारायला काय जातं? शत्रू असला तरी डोळे त्याचे चांगले आहेत.

रागावलास तरी चालेल, पण उत्तर पाठव.

तुझी ताई


२ जुलै

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझे पत्र आले तेव्हा अर्ज माझ्या खिशात होता. मी तो तीन दिवस खिशातच ठेवला. चौथ्या दिवशी दुपारी मालक आणि वस्ताद जेवायला घरी गेल्यावर मी पदवीधरासमोर जाऊन उभा राहिलो आणि माझा नंबर काढ म्हणालो. त्याच्याशी कामाव्यतिरिक्त बोललेले हे माझे पहिले वाक्य.

त्याने तक्त्याकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि काही न विचारता तो उतरवला. कपाटाच्या तळातून लहान मुलांचा चित्रांचा तक्ता काढला. आमच्याकडे तो कधी लागत नाही, त्यावर सात वर्षांची धूळ होती. तिसऱ्या ओळीत मी बदकाला किटली म्हणालो. तो हसला नाही. तो हसला असता तर मला सोपे गेले असते.

नंतर त्याने चाचणीच्या फ्रेममध्ये काचा घातल्या, बदलल्या, पुन्हा घातल्या, आणि स्वतःची ती जाड कादंबरी माझ्या हातात दिली. मी तीन पाने वाचली आणि डोके दुखायची वाट पाहत थांबलो. मग आणखी चार वाचली. ताई, एका पानावर इतके पांढरे असते हे मला माहीत नव्हते. ओळींच्या मध्ये जागा असते.

मग त्याने खण उघडला आणि नऊ काचा मांडल्या. ठिपके कललेले होते, नऊही काचांवर, एकाच बाजूला. तो म्हणाला की माझे काम झाल्यावर तो डब्याच्या सुट्टीत त्या काचा नव्याने घासून बसवायचा, आणि या कचऱ्यात टाकल्या असत्या तर मालकांना सापडल्या असत्या, म्हणून खणात लपवायचा. मला का सांगितले नाही, असे मी विचारले. त्याने सांगितले की मी त्याच्याशी बोलतच नव्हतो. कादंबरीतली खूण का अडकली होती, ते मला तेव्हा समजले.

अर्ज मी फाडला. काचा मात्र मी स्वतः मालकांकडे नेल्या आणि खरे ते सांगितले. पदवीधर नको नको म्हणत होता. मालकांनी एकेक काच उजेडात धरून पाहिली. काल एक तारीख होती. खिडकीची जागा त्याला मिळाली. मी सहा महिने काउंटरवर, मग माझे काम पुन्हा पाहू, असे मालक म्हणाले. मला वाईट वाटले आणि अजून वाटते. अर्ज फाडता येतो, हेवा फाडता येत नाही. तो आता खिडकीत बसून शीळ घालतो, आणि सूर चांगला आहे, हे त्याहून वाईट.

एक विचारायचे राहिले. पदवीधराच्या मते हा नंबर आजचा नाही, लहानपणापासूनचा असणार. लहान डोळे ताण घेऊन चालवून नेतात आणि डोके दुखते, पुस्तक उघडले की जास्तच. मी त्याला म्हणालो की आमच्या घरी त्यावर विनोद व्हायचे. तुला काही आठवते का? मास्तर मला कधी पुढच्या तर कधी मागच्या बाकावर बसवून पाहायचे, एवढे मला आठवते. ते घरी काही बोलले होते का?

चष्मा परवा तयार होईल. काचा पदवीधर घासतो आहे, ठिपके मी दिले आहेत.

तुझा भाऊ


८ जुलै

चि. भावास,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र तिसऱ्यांदा लिहिते आहे. आधीच्या दोन कागदांवर गुडघ्याबद्दलच लिहीत बसले.

मास्तर बोलले होते. घरी नाही, माझ्याजवळ. मी बारा वर्षांची होते, तू नऊचा. शाळा सुटताना त्यांनी मला थांबवून सांगितलं की आईला म्हणावं, धाकट्याचे डोळे दाखवून घ्या. मी हो म्हटलं. घरी आले तर तू आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडला होतास, तेलाची वाटी शेजारी, आणि मोरीत भांड्यांचा ढीग. मला वाटलं, आता चष्मा आला की याचे आणखी लाड होणार. मी काही बोलले नाही. उद्या सांगू म्हटलं. मग मास्तरांची बदली झाली. सातवीनंतर तू शाळा सोडलीस तेव्हा सांगणार होते, पण तोपर्यंत सांगण्यासारखं काही उरलं नाही अशी मी स्वतःची समजूत घातली.

मला तुझा हेवा वाटायचा रे. फार. आईच्या त्या हाताचा. एवढंच कारण आहे, याहून मोठं कारण असतं तर तेही लिहिलं असतं.

तुझ्या ओळी मोजताना मला ते आठवत होतं. मागच्या पत्रात पुस्तक उलटं धरल्याची गोष्ट लिहिली आणि ही लिहिली नाही. आता लिहिली. तुला जे वाटेल ते लिही. काही लिहावंसं वाटलं नाही तर कोरा कागद पाठव, पण पाठव.

तुझी ताई


१७ जुलै

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. पाच दिवस मी रागात होतो. पहाटे साडेपाचला उठून राग करत होतो. आठवी, नववी, मग पुढे, असे एकेक वर्ष मोजले. उशीएवढी पुस्तके मोजली. खिडकीची जागाही त्यात मोजली. सगळे तुझ्या नावावर लिहून झाले, आणि पुन्हा तपासायला बसलो तेव्हा त्यात एक बारा वर्षांची मुलगी मोरीत भांडी घासत बसलेली दिसली. मी तो कागद घडी करून ठेवला.

राग पूर्ण गेला असे म्हणत नाही. थोडा आहे, तो मी ठेवणार आहे. पण तुझ्या पत्रातले एक वाक्य मी चष्मा लावून वाचले, मग काढून वाचले, आणि मग पुन्हा लावून. ताई, मी आजवर वस्तादांचा हेवा केला, पदवीधराचा केला, शाळेत जाणाऱ्या प्रत्येक पोराचा केला. माझा कुणी करत असेल असे कधी मनातही आले नाही. तू म्हणतेस की फार करायचीस. मी पदवीधराला हे सांगितले. तो म्हणाला, त्याला बहीण नाही, आणि पुन्हा शीळ घालू लागला, पण सूर जरा चुकला.

त्याची कादंबरी मी घरी आणली आहे. रोजची दहा पाने होतात, काल चौदा झाली. चहा सुरू केला आहे. या पानातल्या ओळी मोजून पाहा, एकतीस असतील.

येत्या रविवारी सकाळी येतो. तेलाची वाटी काढून ठेव. तुझ्या गुडघ्याला तेल मी चोळीन आणि भांडी भावोजी घासतील. त्यांना तुझा हेवा वाटला तर वाटू दे.

तुझा,
मोजपट्टी