मधोमध शिवण असलेली चादर

मी, मेविस थ्रेल्फॉल, कै. स्टॅन्ली थ्रेल्फॉल यांची पत्नी, शाळेच्या खानावळीतून निवृत्त, राहणार ९, टॅनर स्ट्रीट, ब्रॅकेनशॉ, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणी सांगितलं म्हणून नाही आणि कोणाच्या धाकानेही नाही. डोकं ठिकाणावर आहे, हृदय नाही. सोमवारी ते उघडून आतली झडप बदलणार आहेत, आणि सर्जनसाहेब मला धीर देताना माझ्याकडे न बघता खिडकीकडे बघत होते. म्हणून हा खटाटोप. याआधीचं माझं मृत्युपत्र रद्द समजावं.

आज शनिवार आहे आणि सामना नाही. आमच्या गावच्या फुटबॉल क्लबला, ब्रॅकेनशॉ टाउनला, आता लीगमध्येच जागा उरलेली नाही.

वकीलबाई श्रीमती ऑग्डेन यांनी बजावलं आहे की कुठे खाडाखोड केली तर करणाऱ्याने शेजारी आपली आद्याक्षरं घालावीत. तशी घालीन.

कलम १. हे घर माझी नात रोवेना हिला द्यावं. ती लीड्सला नर्सिंग शिकते आणि तिला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, त्यामुळे घर तिच्या हाती सुखरूप राहील. अट एकच, मागच्या खोलीला कुलूप घालायचं नाही. क्लब पूर्वी लांबलांबची पोरं खेळायला आणायचा आणि जेवूखाऊ घालून सांभाळायला माझ्यासारख्या बायकांकडे ठेवायचा. त्या खोलीत कितीतरी पोरं राहिली. बहुतेकांना क्लबने वर्षा-दोन वर्षांत घरी पाठवलं, आणि त्यांच्या बॅगा मीच भरल्या.

कलम २. बँकेत जे असेल ते अंत्यविधी उरकून रोवेनालाच. क्लबला काही नाही. आधीच्या मृत्युपत्रात ठेवलं होतं, पण जानेवारीत अध्यक्ष श्री. बायवॉटर यांनी गोल करणारा आमचा एकुलता एक पोरगा विकून टाकला. श्री. बायवॉटर यांना माझी गळकी किटली द्यावी. आमचा बचाव वर्षभर कसा गळत होता हे त्यांना रोज सकाळी आठवेल.

कलम ३. स्टॅनच्या हत्यारांची पेटी माझा मुलगा क्लिफ (खोडले. मे. थ्रे.) रोवेना हिला. का, ते पुढे येईल.

कलम ४. हे खरं तर कलम नव्हे, पण लिहिल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

ईमन गॅलिगन आयर्लंडहून आला तेव्हा सोळा वर्षांचा होता. मागच्या खोलीतल्या पलंगावर मी हिरव्या पट्ट्यांची चादर घातली होती. ती मध्ये विरली होती, म्हणून आमच्याकडे करतात तशी उभी फाडली, बाहेरच्या धड कडा आत घेतल्या आणि मधोमध जोडल्या. शिवण जरा टोचायची. पहिले काही दिवस तो त्या चादरीत तोंड खुपसून रडायचा. मी खाली रेडिओ मोठा करायचे, म्हणजे त्याला वाटावं की कोणाला ऐकू जात नाही. मग एक दिवस क्लिफ चेंडू घेऊन वर गेला आणि दोघं मागच्या गल्लीत उतरले. तेव्हापासून या घरात मला दोन मुलगे होते. ईमनच्या लग्नात क्लिफ त्याच्या शेजारी उभा होता, आणि ते लग्न मोडलं तेव्हा त्याला इथे घेऊन आला तोही क्लिफच.

दोन वर्षांपूर्वी ईमन आमच्या संघाचा प्रशिक्षक झाला. या हंगामात ऑगस्टचे सगळे सामने आम्ही जिंकलो, तेव्हा क्लिफने त्याला भर पबमध्ये खांद्यावर घेतलं होतं. जानेवारीनंतर गोल आटले. ईमनचा हट्ट एकच, चेंडू मागून छोट्या छोट्या पासांनी वर न्यायचा. मैदानात घोट्याएवढा चिखल असला तरी तेच. प्रेक्षकांचा अख्खा स्टँड ‘मार लांब’ म्हणून बोंबलायचा आणि हा खिशात हात घालून उभा. मीसुद्धा बोंबलले आहे. माया एकीकडे आणि डावा बचाव दुसरीकडे. तिथे खेळणाऱ्या होलरॉइडला डावा पाय नुसता नावाला आहे, हे चष्मा विसरून गेले तरी मला दिसतं. ईमनला मात्र ते शेवटपर्यंत दिसलं नाही.

मार्चमध्ये घरच्या मैदानावर हरत असताना समोरच्या स्टँडमध्ये एक मोठं फडकं वर गेलं. डावीकडे ‘ईमन’, उजवीकडे ‘चालता हो’. आणि दोन्हीच्या मध्ये माझी शिवण. काळ्या रंगाखाली हिरवे पट्टे दिसत होते. एक टोक क्लिफच्या हातात होतं.

घरी येऊन मी कपाट उघडून पाहिलं, चादर तिथे नव्हती. मग क्लिफला फोन केला आणि ती ईमनची चादर आहे म्हणून सांगितलं.

“होती,” तो म्हणाला. “आई, तो तुझा लाडका असेल, पण संघ बुडवतोय तो. डेपोत आठवडाभर ग्रीसमध्ये हात घालायचे ते शनिवारसाठी. शनिवारच गेला तर मला दुसरं आहे काय?”

त्याच्या आवाजात राग कमी होता आणि भीती जास्त.

ईमन दर रविवारी फोन करायचा. त्या रविवारीही केला. त्याने विचारलं, “मावशी, ती माझीच चादर होती ना?” मी म्हटलं, नाही रे, तसल्या चादरी इथे घरोघर असतात. तो बरं म्हणाला. त्यानंतर एकाही रविवारी त्याचा फोन आला नाही.

गेल्या शनिवारी लीगमध्ये टिकायला जिंकायलाच हवं होतं आणि आम्ही बरोबरी केली. शेवटच्या मिनिटाला चेंडू होलरॉइडच्या डाव्या पायावर आला, यापेक्षा जास्त काही लिहायला नको. मंगळवारी ईमनला काढलं. क्लबने दिलेलं घरही या आठवड्यात सोडायला सांगितलं. त्या दिवसापासून तो मैदानाच्या बंद फाटकासमोर गाडी लावून नुसता बसून असतो. गुरुवारी मी थर्मासमध्ये चहा घेऊन गेले. बऱ्याच वेळाने त्याने काच खाली केली.

“घरी जावं म्हटलं, मावशी,” तो म्हणाला, “तर गाडी कुठे वळवायची तेच कळेना.”

चहा त्याने घेतला नाही. इकडे क्लिफ कामावर जात नाही, दाढी करत नाही, पडदे ओढून बसला आहे. दोघं एकमेकांपासून पायी जायच्या अंतरावर आहेत आणि एकाच गोष्टीसाठी झुरत आहेत. मरणाची मला भीती वाटत नाही. सोमवारी मी उठले नाही तर त्या गाडीच्या काचेवर टकटक करायला कोणी उरणार नाही, या भीतीने माझ्या तोंडचं पाणी पळालं आहे. बोलून पाहिलं, रडून पाहिलं, शिव्याही देऊन झाल्या. दोघांनीही ऐकलं नाही. आता कायदा तेवढा राहिला आहे.

कलम ५. वकीलबाई म्हणतात, मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. मी सही करताना दोघं एकाच वेळी समोर हवेत, आणि मग माझ्यादेखत त्यांनी सह्या करायच्या. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार आहे तो साक्षीदार चालत नाही.

म्हणून क्लिफर्ड थ्रेल्फॉल आणि ईमन गॅलिगन या दोघांना मी काहीही ठेवत नाही, सुईसुद्धा नाही. माझ्या माणसांत माझ्याकडून काहीच न मिळणारे आता हे दोघंच आहेत, तेव्हा साक्षीदार तेच.

दोघांना आज तीन वाजता बोलावलं आहे, एकमेकांचं नाव न सांगता. तीन ही सामना सुरू व्हायची वेळ, तेवढी तरी सवय अंगात असेल. क्लिफला चादर आणायला सांगितली आहे. मटणाचा हॉटपॉट शिजायला ओव्हनमध्ये आहे, त्यात मटण कमी आणि बटाटे जास्त, ईमनला आवडतो तसा. दोघांतला एक जरी आला नाही तर हा कागद चुलीत घालायच्या लायकीचा, आणि सोमवारी मी तशीच जाईन.

कलम ६. मी गेले तर ती चादर माझ्यावर घालावी, अक्षरांची बाजू खाली, माझ्याकडे. ते शब्द माझ्याबरोबर जाऊ देत. शवपेटीचं पुढचं टोक क्लिफ आणि ईमन यांनी धरावं. दोघांची उंची सारखीच आहे.

सहीपूर्वी जोडलेलं: ईमन तीनच्या आधीच आला. क्लिफ नंतर आला, काखेत चादर घेऊन, आणि ईमनला पाहून दारातच थबकला. मला वाटलं, आता मागे वळतो. ईमनने वर न बघता पायाने शेजारची खुर्ची बाहेर सरकवली, सोळाव्या वर्षी सरकवायचा तशी. क्लिफ बसला. चादर त्याने मांडीवर ठेवली आहे, अक्षरं आत दुमडून. मी सही करते आहे आणि दोघं बघत आहेत.

मेविस थ्रेल्फॉल
ब्रॅकेनशॉ, मे महिन्यातला दुसरा शनिवार

साक्षीदार पहिला
नाव: क्लिफर्ड थ्रेल्फॉल
पत्ता: २२, फाउंड्री रो, ब्रॅकेनशॉ
व्यवसाय: बस डेपोत मेकॅनिक

साक्षीदार दुसरा
नाव: ईमन गॅलिगन
पत्ता: सध्या नाही (खोडले. मे. थ्रे.) मागची खोली, ९, टॅनर स्ट्रीट
व्यवसाय: काही नाही (खोडले. क्लि. थ्रे.) फुटबॉलचा प्रशिक्षक