राणीची बशी

बाबा, तुमच्या ओठांबद्दल लिहायला बसले आहे. बापाच्या ओठांबद्दल मुलीनं काय लिहायचं, असं कुणालाही वाटेल. पण आपल्या घरात रंगलेले ओठ फक्त तुमचेच होते. मायनं कधी ओठांना काही लावलं नाही, मी लावलं असतं तर तिनं पदरानं पुसून काढलं असतं. आणि तुम्ही मात्र दिवाळी झाली, गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू झाल्या की अंगणातल्या तुळशीला आरसा टेकवून, उकिडवे बसून, करंगळीनं ओठ रंगवायचात. दंडारीत, मंडईतल्या त्या नाच-नाटकात, तुम्ही राणी होतात. भर दुपारी, आखराच्या मोकळ्या मैदानावर, लुगडं नेसून तुम्ही आलात की बाजूची पोरं मला कोपरानं ढोसायची. "पाय, तुही माय नाचून राहिली." मी म्हणायची, "माय नाही, बाबा होय तो माहा." आणि पुढं सरकून बसायची, म्हणजे तुम्हाला मी दिसावी.

तो रंग तुम्ही घरीच करायचात. बामची रिकामी डबी राखेनं घासून उन्हात वाळवलेली असायची. टोरीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल थंडीत लोण्यासारखं गोठायचं, म्हणून बाटली आधी दगडावर उन्हात ठेवायची. मग मधाच्या पोळ्याचं मेण, आणि आपल्या अंगणातल्या शेंद्रीच्या काटेरी बोंडांतल्या बिया, वाटीत कोमट तेलात भिजवून फडक्यातून पिळलेल्या. तुमची बोटं आठवडाभर केशरी असायची. डबी कितीही घासली तरी तिला बामचा वास राहायचाच, आणि राणीच्या डोळ्यांतून पहिल्या प्रवेशाआधीच पाणी यायचं. लोकांना वाटायचं, काय जीव ओतते राणी.

रंग लावून झाला की तुम्ही चहा मागायचात. बशीत ओतून, हळूच, ओठ जेमतेम टेकवून प्यायचात आणि मग बशी वर धरून तिची कड पाहायचात. कड लाल झालेली असायची. दर वेळी. पुढच्या खेपेला तुम्ही मेण वाढवायचात, मग रंगाचे पोपडे निघायचे. मेण कमी केलं की दुपारच्या उन्हात तो हनुवटीपर्यंत उतरायचा. तुम्ही हसण्यावारी न्यायचात. "दुसऱ्या राण्या रडल्या तं काजळ वाहते, माही राणी हासली तं ओठ वाहते." मायनं त्या कामाला एक बशी वेगळीच काढून ठेवली होती, टवका गेलेली. तिला ती राणीची बशी म्हणायची. ते म्हणताना तिचा आवाज असा काही कोरडा व्हायचा की मी समजून घेतलं होतं, मायला हे आवडत नाही. चुलीजवळ बसून ती बशी राखेनं घासत राहायची, पाठ आपल्याकडे करून, आणि तुम्ही तेवढ्या वेळात आरसा उचलून बाहेर जायचात.

जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला, त्याच वर्षीची दिवाळी. पानठेल्यावर सगळे आपापले नातेवाईक कुठल्या जिल्ह्यात गेले ते सांगत होते, आणि आपल्या घरी माझ्यासाठी शहापूरचे पाहुणे येणार होते. लाखनीकडची मंडई होऊन दोन-तीन दिवस झाले असतील. तुम्ही तोंड खरवडून धुतलं होतं, तरी ओठांच्या भेगांतून रंग राहिला होता. मी चहा घेऊन आले तेव्हा माझे होणारे सासरे तुमच्या तोंडाकडे पाहत होते. "पान खाता वाटते तुमी?" त्यांनी विचारलं, चांगल्या मनानं, बोलायला काहीतरी हवं म्हणून. तुम्ही म्हणालात, "हो जी, सवय हाये." ज्या माणसानं जन्मात सुपारीचं खांड तोंडात टाकलं नव्हतं तो माणूस असं म्हणाला, आणि मायच्या हातातला पोह्यांचा चमचा तिथंच थांबला. चहा पिऊन झाल्यावर तुम्ही सवयीनं बशीची कड पाहिलीत. मग ती पटकन खाली ठेवलीत. ते फक्त मी पाहिलं.

पाहुणे गेल्यावर माय एवढंच म्हणाली, "आता बस्स करा. पोरगी उजवायची हाये." तुम्ही मान हलवलीत. मी दारामागे उभी होते. तुम्ही भांडाल, निदान काही चेष्टा कराल, असं मला वाटत होतं. तुम्ही नुसता आरसा टांगायचा खिळा भिंतीतून उपटून काढलात आणि तो खिशात घातलात. पुढच्या दिवाळीला राणी दुसराच कुणी झाला. तेव्हा मी सासरी होते. तुम्ही पाहायला गेला होतात आणि सगळ्यांच्या मागे, सायकल धरून उभे होतात, असं मायनं पुढं कधीतरी सांगितलं.

त्या पानाची गंमत मी तुम्हाला कधी बोलून दाखवली नाही. सासरे तुमच्याकडे आले की दर वेळी तुमच्यासाठी पान बांधून आणायचे, आणि तुम्ही ते खायचात. पहिल्यांदा ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, तरी खाल्लंत. नंतर सवयच झाली असावी. ते शेवटपर्यंत म्हणायचे, माझा व्याही मोठा पानाचा शौकीन. नवऱ्याला मी लग्नानंतर खरं सांगितलं होतं. तो खूप हसला आणि मग म्हणाला, हे आपल्या दोघांतच राहू दे.

मांडवातून निघताना तुम्ही माझ्या मुठीत ती बामची डबी ठेवली होती. आत पांढुरकं, नुसतं तेल आणि मेण. "थंडीत ओठ फुटतात तुये," तुम्ही म्हणालात. "यात रंग नाही टाकला." दर हिवाळ्यात तुम्ही नवीन डबी आणायचात, कधी स्वतः, कधी कुणा येणाऱ्याच्या हाती, आणि तेच वाक्य. जणू मी तक्रार करेन अशी तुम्हाला भीती होती. मी डबी घ्यायची, फडताळात ठेवायची, झोपण्याआधी ओठांना लावायची. माझी मोठी मुलगी रांगत होती तेव्हा तुम्ही गेलात. शेवटची डबी संपायला आली तसं मी तिला बोट लावणं बंद केलं. एका उन्हाळ्यात आतल्या मलमाला वास यायला लागला आणि टाकून द्यावी लागली. टोरीच्या तेलाचं असंच असतं, हे आता मला कळतं.

आता म्हणजे, बाबा, मी तुमचंच काम करते आहे. आमच्या बचत गटाच्या बायकांनी दोनेक वर्षांपूर्वी ओठांचं मलम करायला घेतलं. नागपूरहून एक बाई शिकवायला आल्या होत्या. मलम सगळ्यांना लवकर जमलं. मग त्या म्हणाल्या, यात झाडापाल्याचा रंग घालून बघा, रंगीत कांडी जास्त खपते. सगळ्या जणी उत्साहानं काय काय घेऊन आल्या. कुणी बीट किसून आणलं. बिटाचा रस तेलात मिसळेना, थेंब वेगळेच फिरत राहिले. एकीनं आंबागडच्या माहेराहून पोतंभर पळसफुलं आणली. आमचे हात पिवळे झाले, पातेलं पिवळं झालं, कांडी पांढरीच राहिली. जो रंग पाण्यात उतरतो तो तेलात उतरत नाही, असं त्या बाईंनी समजावलं, आणि मला आपल्या अंगणातली वाटी दिसली. मी म्हटलं, शेंद्री. सगळ्या विचारत होत्या, तुले कसं माहीत? मी म्हटलं, आमच्या घरी झाड होतं.

नुसत्या शेंद्रीचा रंग आपल्या सावळ्या ओठांवर मातकट दिसतो. तुम्ही चेहऱ्याला सफेदा फासायचात म्हणून तुमच्यावर तो उठून दिसायचा. मी त्यात रतनजोतची मुळं घातली. कोमट तेलात ती खोल लाल रंग सोडतात, आणि मग पिकल्या बोरासारखी छटा आली. पण उन्हाचं काय करायचं? इकडे महामार्गाच्या कडेच्या दुकानात कांडी ठेवली की दुपारी तिचा काला व्हायचा. तिथं मात्र तुमचं काही कामी आलं नाही, बाबा. पोळ्याच्या मेणानं ते भागण्यासारखंच नव्हतं. कोंड्याच्या तेलातून निघतं ते मेण वापरून पाहा, असं बाईंनी सुचवलं. धानाचा कोंडा, जो माय म्हशीपुढं घालायची. ते मेण कडक असतं, सहज वितळत नाही, फार घातलं तर कांडी ओठांवर सरकतच नाही. किती घालायचं ते ठरवण्यात आमचा एक उन्हाळा गेला. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून रात्र जाऊ द्यायची, खाज नाही, लाली नाही, तर मगच ओठांवर. कांड्या टिनाच्या छपराखाली ठेवायच्या. महिन्यानंतर वास घ्यायचा. नागपूरला नमुने तपासायला पाठवले, विक्रीचे कागद आले. आणि एक चाचणी मी घातली. रंग लावून बशीत चहा प्यायचा आणि कड पाहायची. सगळ्यांना ती माझीच युक्ती वाटते.

फक्त मी स्वतः कधी लावत नव्हते. कोपराला लावायची, दुसरीच्या ओठांना लावायची. माझ्या ओठांवर तो रंग आणायला हात उचलत नव्हता.

मागच्या महिन्यात नागपूरची एक दुकानवाली मुलगी आली. चुणचुणीत, लाघवी. तिला कांडी आवडली, मोठी मागणी देते म्हणाली, पण खोक्यावर गोष्ट पाहिजे. "काकू, 'आजीच्या बटव्यातून' असं छापू. आजी चालते." मी म्हटलं, माझ्या आजीनं ओठांना कधी तेलसुद्धा लावलं नाही. ती हसली, कुणाला कळणार आहे, म्हणाली. तिची चूक नव्हती. पण मला ते पान आठवलं. एकदा तुम्ही माझ्यासाठी तुमचे ओठ लपवलेत, आणि आता खोक्याखोक्यावर मीच पुन्हा ते लपवायचे? उलट खरं छापलं तर शहापुरात सगळ्यांना कळणार, सासऱ्यांच्या मागं त्यांचा शौकीन व्याही खोटा ठरणार. आणि माय. ती माझ्याकडेच असते आता. ज्या गोष्टीवर तिनं पदर टाकला ती मी छापून विकायची. गटात मी पहिल्यांदाच तुमच्याबद्दल सांगितलं. आमच्यातली सगळ्यात वयस्क बाई म्हणाली, "मंग खोक्यावर राणीले मिशी काढा." सगळ्या हसल्या, मीही हसले, आणि हलकं वाटलं. पण मायला विचारायचं राहिलंच होतं.

मी विचारलं तेव्हा ती पडवीत चहाची वाट पाहत बसली होती. मी आपलं भीत भीत सगळं सांगितलं. माझ्या हातातली कांडी तिनं काढून घेतली, फिरवून वास घेतला, आणि बाबा, तिनं ती ओठांना लावली. आरसा नाही, काही नाही. दात नसल्यामुळं ओठ आत गेलेत तिचे. वेडीवाकडी लागली. मग तिनं चहा बशीत ओतला, सावकाश प्यायली, आणि बशी उजेडात धरून कड पाहिली. अगदी तुमच्यासारखी, मान तिरकी करून.

"नाही लागला," ती म्हणाली. बराच वेळ बशी हातातच होती. मग म्हणाली, "ते बशी मी राखेनं घासो. तरी कड लालच राहे. तुले वाटे, मले राग येते. राग नोता बाई. पाहुण्याच्या हाती ते बशी गेली तं, हेच भेव." मी विचारलं, मग छापू? तिनं पदरानं ओठ टिपले. पुसले नाहीत, टिपले. "छाप. पण राणी होते म्हणून लिव. नाच्या होते असं नको लिवू."

म्हणून खोक्यावर तसंच छापलं आहे. माझे वडील दंडारीत राणी व्हायचे, हा त्यांच्या ओठांचा रंग. दुकानवाली मुलगी फोनवर म्हणाली, ठीक आहे काकू, आधी थोडेच घेते. थोडेच गेले. शहापुरात एक-दोघांनी नवऱ्याला विचारलं, तो म्हणाला, हो, खरं आहे, आणि पानाची गोष्टही सांगून टाकली. लोक हसले म्हणे. कसं हसले ते मी विचारलं नाही.

आज सकाळी मी आरशापुढं उभी राहून तो रंग लावला. तुमच्यासारखा, करंगळीनं. माझा खालचा ओठ तुमचा आहे, हे मला इतकी वर्षं ठाऊक नव्हतं.

सध्या नवतपा चालू आहे, वर्षातले सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस. तुमचा फोटो जिथं लावलाय ती भिंत दुपारनंतर हात ठेववत नाही इतकी तापते. फोटो निवडणुकीच्या कार्डावरून मोठा केलेला, काळा-पांढरा. माय सणावारी काचेवर कपाळाला कुंकू लावते. नवतपा लागला त्या दिवशी घरात कुणी नसताना मी कांडीवरून बोट फिरवलं आणि काचेवर, तुमच्या ओठांवर ठेवलं. गटात सांगितलेलं नाही. मायनं पाहिलं असावं, कारण त्यानंतर तिनं काच पुसलेली नाही. मी रोज दुपारी जाऊन पाहते. रंग अजून उतरलेला नाही.